‘आमच्याकडं बरोबर दिसतंय की ओ!’ एक्सेल शीट पाठवताना, उघडताना या चुका टाळा

हे वाक्य फोनवर ऐकलं की पुढचं सगळं मला पाठ आहे. हेड ऑफिसात शीट ठणठणीत. शाखेत उघडली की नावं वाचता येत नाहीत, तारखा उलट्या, बेरीज वेगळी. मग दोन्हीकडचे एकमेकांच्या कॉम्प्युटरला नावं ठेवतात आणि कुणीतरी उत्साही माणूस शीट ‘दुरुस्त’ करायला बसतो. खरा बिघाड तिथून सुरू होतो.

एक्सेलची फाईल स्वतःबरोबर फॉन्ट नेत नाही, फॉन्टचं फक्त नाव नेते. वर्डमध्ये फॉन्ट फाईलमध्येच घालून द्यायची सोय आहे, एक्सेलमध्ये ती नाही. तारखेत आधी दिवस की आधी महिना, स्वल्पविराम १२,३४,५६७ असा की १,२३४,५६७ असा, हेही बऱ्याचदा समोरच्या विंडोजच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून काही वेडंवाकडं दिसलं की मी आधी सेलवर क्लिक करून वरचा फॉर्म्युला बार बघतो. सेलमध्ये खरं काय आहे ते तिथं कळतं. तोवर कीबोर्डला हात लावत नाही, दुसऱ्यालाही लावू देत नाही.

अक्षरं बिघडली म्हणून फॉन्ट बदलत सुटणं

आपल्या भागातल्या याद्या बघा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलीही पतसंस्था घ्या. एका कॉलममध्ये सभासदाचं नाव मराठीत, शेजारी तेच कन्नडमध्ये, पुढं खातेक्रमांक इंग्रजीत. मराठी नावं कुणीतरी पूर्वी श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली, कन्नड नावं जुन्या नुडीमध्ये. या जुन्या फॉन्टांत सेलच्या आत मराठी किंवा कन्नड काहीच नसतं. आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्या जागी फॉन्ट आपले आकार दाखवतो. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथं आतलं इंग्रजी उघडं पडतं. म्हणजे एकच अक्षर नुडीत कन्नड दिसणार, मराठी फॉन्टमध्ये मराठी दिसणार, आणि दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नसणार.

एका संस्थेत हेच झालं. सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या तोंडावर सभासदांची यादी शाखेत गेली. तिथल्या पोरानं उघडली तर सगळं इंग्रजी. त्याच्याकडं मराठी फॉन्ट होता. त्यानं कंट्रोल-ए दाबून अख्ख्या शीटला तो लावला. मराठी कॉलम झकास वाचता यायला लागला, आणि कन्नड कॉलममध्ये मराठी अक्षरांचा असा काला झाला की देवालाही वाचता येऊ नये. फाईल सेव्ह, त्याच नावानं हेड ऑफिसला परत. तिथं कुणी विचार न करता जुन्या फाईलवर ती चिकटवली. दुसऱ्या दिवशी फोन: “सर, कन्नड नावं सगळी मराठीत जाऊन बसल्यात की ओ!”

इथवर काहीही बिघडलेलं नव्हतं. कन्नड कॉलम निवडून परत नुडी लावला असता तर चहा येईपर्यंत काम संपलं असतं. पण फोन करायच्या आधीच दोघं मिळून ती नावं नव्यानं टाईप करायला बसले होते, तीही युनिकोडमध्ये (ज्यात प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो), जिथं जिथं दिसेल तिथं, क्रम सोडून. त्यामुळं एकाच कॉलममध्ये काही नावं नुडीची, काही युनिकोडची. सॉर्ट केलं की दोन वेगळे गठ्ठे. शोधायला गेलं तर असलेलं नाव सापडत नाही. आणि टाईप करणाऱ्याची घाई अशी की बसवराजचा बसप्पा झालेला.

जुनी प्रत शेवटी मेलच्या सेंट फोल्डरमध्ये सापडली, म्हणून सभा वेळेवर झाली. ती सापडली नसती तर हा सरमिसळ झालेला कॉलम मी असा वेगळा केला असता: शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये युनिकोड हे फंक्शन लावायचं, ते सेलमधल्या पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं. २३०४ ते २४३१ आला तर खरी देवनागरी, ३२०० ते ३३२७ आला तर खरं कन्नड. त्याबाहेरचं काही आलं तर ते इंग्रजी आहे किंवा जुन्या फॉन्टचं. हे फंक्शन एक्सेल २०१३ पासून आहे.

याहून सोपी परीक्षा म्हणजे फॉर्म्युला बार. सेलमध्ये ‘पाटील’ स्वच्छ दिसतंय आणि बारमध्ये इंग्रजी गिचमीड, तर ती शीट दुसरीकडं बिघडणारच, आज नाही तर उद्या. कायमचा उपाय एकच: कन्व्हर्टरनं, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं, युनिकोड करून घ्या. मराठी आणि कन्नड वेगवेगळं, एकेक कॉलम. मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. बिर्जे, कुऱ्हाडे, चव्हाण असल्या नावांत कन्व्हर्टर हमखास अडखळतो. पुढं फॉन्ट निर्मला यूआय ठेवा. विंडोज ८ पासून तो प्रत्येक मशीनवर असतो, आणि मराठी, कन्नड दोन्ही त्यातच येतं. ‘एवढं कोण करत बसणार, फॉन्टची फाईल पेनड्राइव्हवर देतो की’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते पुढच्या वर्षी परत येतात.

गिचमीडीचा दुसरा प्रकार सीएसव्ही फाईलमध्ये (कॉलम स्वल्पविरामानं वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल) भेटतो. डबल-क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली परदेशी अक्षरं दिसतात. तिथं फॉन्टचा काही दोष नाही, एक्सेलनं यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड मजकूर फाईलमध्ये साठवायची पद्धत, ओळखलेली नाही. डेटा टॅबवरून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’नं आत घ्या आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा. त्याच वेळी खातेक्रमांकाचा कॉलम ‘टेक्स्ट’ ठरवून टाका. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि पंधरा अंकांपुढचे सगळे अंक शून्य होतात. ते नंतर परत येत नाहीत.

डावीकडं सरकलेली तारीख उजवीकडं ढकलणं

या चुकीचा मला खरा राग आहे. नवा कॉम्प्युटर येतो, विंडोजचा रीजन अमेरिकेचा राहून जातो. त्यावर बँकेची सीएसव्ही डबल-क्लिकनं उघडली की ०५/०६/२०२४ ही आपली पाच जून सहा मे होऊन बसते. २५/०६/२०२४ मध्ये पंचविसावा महिना कुठून आणायचा, म्हणून एक्सेल ती तारीख मजकूर म्हणून तशीच ठेवतं. म्हणजे बारा तारखेपर्यंतच्या नोंदी गुपचूप चुकीच्या आणि तेरापासूनच्या तारखाच नाहीत. व्याजाचं गणित त्यावर चालवलं की काय होतं ते सांगायला नको.

एक्सेल याची खूण देतं. खरी तारीख सेलमध्ये उजवीकडं बसते, मजकूर डावीकडं. आणि आपला हुशार ऑपरेटर काय करतो? कॉलम वाकडातिकडा दिसतो म्हणून सगळा निवडून उजवीकडं अलाइन करतो! हाती असलेला एकुलता एक पुरावा पुसला. शिकायला येणारी पोरं पहिल्याच आठवड्यात पिव्होट टेबल मागतात. सेलमध्ये तारीख आहे की मजकूर ते ओळखा म्हटलं की तोंडं वाकडी.

उलटी झालेली शीट तिथल्या तिथं सरळ करत बसू नका. डेटा टॅबवरचं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ फक्त मजकूर राहिलेल्या तारखा सुधारतं, आधीच उलटून तारीख झालेल्यांना ते हात लावत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ करा आणि मूळ सीएसव्ही नव्यानं आत घ्या. बाकी एक्सेलच्या फाईलमधली खरी तारीख मशीन बदललं म्हणून बदलत नाही. आत एक आकडा असतो, १ एप्रिल २०२४ साठी ४५३८३. फक्त दिसणं बदलतं. म्हणून मी महिना अक्षरात दिसेल असं फॉरमॅट ठेवतो, ०५-जून-२०२४ सारखं. मग कुठल्याही मशीनवर भांडण नाही.

तीच फाईल, बेरीज वेगळी

यात बहुतेकदा कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर गेलेलं असतं, म्हणजे सांगितल्याशिवाय एक्सेल नव्यानं गणित करत नाही. एक्सेलची एक गंमत आहे: सकाळी पहिली जी फाईल उघडाल, तिचा मोड त्यानंतर उघडलेल्या सगळ्यांना लागतो. कुणीतरी जड फाईल लवकर चालावी म्हणून मॅन्युअल करून ठेवलेली असते. ती आधी उघडली की दिवसभराच्या फाईली मॅन्युअल, आणि सेव्ह केल्या की तो मोड त्यांच्यातही शिरतो, खरजेसारखा. एफ-९ दाबून बघा. बेरीज बदलली तर फॉर्म्युलाज टॅबमधून ‘ऑटोमॅटिक’ करून सेव्ह करा. मेलवरून आलेली फाईल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये (फक्त वाचण्यापुरती उघडलेली) असेल तर आधी ‘एनेबल एडिटिंग’ दाबा, मग तक्रार करा.

बाकीच्या किरकोळ

हॅशच्या रांगा दिसल्या तर कॉलम अरुंद आहे. रुंद करा. यासाठी फोन नको.

कॉलमची रुंदी एक्सेल मूळ फॉन्टच्या शून्याच्या रुंदीवरून मोजतं. नव्या एक्सेलचा मूळ फॉन्ट अॅप्टोस नॅरो, २००७ पासूनचा जुना कॅलिब्री. जुन्या मशीनवर अॅप्टोस नसतो, म्हणून शीट फुगते किंवा आकसते. चार जणांत फिरणारी शीट मी कॅलिब्रीतच ठेवतो.

एक्सलुकअप (यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारं फंक्शन) एक्सेल २०२१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत किंवा ३६५ मध्येच चालतं. शाखेत २०१० असेल तर साधं व्हीलुकअप वापरा. तुमची हुशारी दाखवायची ती जागा नव्हे.

मराठी मात्रा वरून कापल्या जात असतील तर ओळीची उंची हातानं बांधलेली असते, ‘ऑटोफिट रो हाइट’ करा. मर्ज केलेल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलला ते लागू पडत नाही. मर्ज करूच नका.

व्हॉट्सअॅपच्या प्रिव्ह्यूमध्ये बघून ‘शीट बिघडली’ म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

छापताना पान भलतीकडं तुटतं, कारण पानाची मोजणी त्या मशीनच्या प्रिंटरवर अवलंबून असते. कागद ए-४ आहे की लेटर ते बघा, रुंदी एका पानात बसवा. आणि फक्त छापायचंच असेल तर पीडीएफ करून पाठवा, त्यात फॉन्टही बरोबर जातो. पण पीडीएफ आणि एक्सेल दोन्ही पाठवू नका. परवाच एका ठिकाणी पीडीएफ समोर ठेवून एक्सेलमध्ये आकडे टाईप करणं चालू होतं.