कॉर्डलेस नेल गन वापरताय? मग या चुका टाळा

बॅटरीवाली नेल गन, म्हणजे ट्रिगर ओढला की खिळा ठोकणारं मशीन, घेणारे वाढलेत ही चांगलीच गोष्ट आहे. हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर नको, पाइपचा गुंता नको, उचलली की काम सुरू. पण तिच्याबरोबर त्याच त्या चुकाही वाढल्यात आणि त्या बघून बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी खरेदीचं बघू. बरेच जण दुकानात जाऊन नुसतं "नेल गन दाखवा" म्हणतात आणि जी स्वस्त किंवा दिसायला भारी असेल ती घेऊन येतात. गेज, म्हणजे खिळ्याच्या जाडीचा आकडा, बघतच नाहीत, आणि बघितला तरी उलटा समजतात. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा खिळा बारीक. २३ गेजची पिन जेमतेम ०.६ मिमी असते, ती फक्त नाजूक पट्टी ग्लू सुकेपर्यंत जागेवर धरून ठेवते, त्यापलीकडे तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. १८ गेजचा ब्रॅड, म्हणजे नावापुरतं डोकं असलेला बारीक खिळा, साधारण १.२ मिमी, बीडिंग, ड्रॉवर, कॅबिनेटच्या मागची पातळ प्लाय यासाठी एकदम योग्य. १६ गेज साधारण १.६ मिमी, तो स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आणि दारा-खिडक्यांच्या जाड पट्ट्यांना. लाकडी सांगाडा उभा करायचा असेल तर फ्रेमिंग नेलर हे वेगळंच मशीन आहे, ते काम ब्रॅड गनकडून होत नाही. पहिलीच गन घेत असाल तर माझ्या मते १८ गेजची, ५० मिमीपर्यंत खिळा घेणारी घ्या, आणि ड्रिल ज्या कंपनीचं आहे त्याच बॅटरीवर चालणारी बघा.

आणि ते काँक्रीटचं. लाकडाची गन भिंतीला लावून ट्रिगर ओढणारे लोक खरंच आहेत! खिळा वाकतो नाहीतर उलटा उडून येतो. काँक्रीटसाठी कडक केलेल्या पिनांची वेगळी गन मिळते, तीच वापरा.

वजनही बघून घ्या. बॅटरीसकट या गन अडीच-तीन किलोपर्यंत जातात, कॉम्प्रेसरवाली त्याच्या निम्मी असते. दुकानातच हात डोक्याच्या वर करून थोडा वेळ धरून बघा, काम छताजवळचं असेल तर हे नंतर फार जाणवतं.

आता ज्या चुकीसाठी मी खरं तर हे लिहायला बसलो ती. दुसऱ्या हाताची बोटं.

एका साइटवर नवीन पोरगा होता, हुशार, हात चांगला, पण घाई फार. १८ मिमी प्लायचा बॉक्स ठोकत होता, म्हणजे एका प्लायमधून दुसऱ्या प्लायच्या जाडीत खिळा घालायचा. गनमध्ये ५० मिमीचे ब्रॅड भरलेले, कारण तेच हाताशी होते, आणि डाव्या हाताची बोटं जॉइंटच्या अगदी लगत खालच्या प्लायला धरून. पहिले काही खिळे नीट गेले. मग एक आत शिरला, मधेच वळला आणि प्लायच्या बाजूने बाहेर पडून थेट त्याच्या तर्जनीत घुसला, बोट प्लायला खिळलं. पक्कड लावून सोडवेपर्यंत पोरगा पांढराफटक पडलेला आणि एकच सांगत होता की गन सरळच धरली होती. खरंच सरळ धरली होती, मी बघत होतो! तरीही खिळा वळला.

नवीन लोकांना नेमकं हेच पटत नाही. ब्रॅडचं टोक सुईसारखं नसतं, पटाशीसारखं चपटं असतं. आत गाठ आली, कडक रेषा आली, प्लायच्या थरातली पोकळी आली की टोक सोप्या बाजूला सरकतं आणि मागची बारीक तार त्याच्यामागे वळते. खिळा जेवढा लांब आणि बारीक तेवढा जास्त वळणार. गन सरळ असून उपयोग नाही.

माझी सवय सांगतो. प्लायच्या कडेत खिळा घालताना मॅगझिन (गनचा खिळ्यांची पट्टी भरायचा लांबट भाग) कडेच्या लांबीला आडवं, म्हणजे काटकोनात धरायचं. ब्रॅड बहुतेक वेळा मॅगझिनच्या डाव्या-उजव्या बाजूला वळतो, त्यामुळे गन अशी धरली की वळला तरी कडेच्या लांबीत वळतो, बाजू फोडून बाहेर येत नाही. मॅगझिन कडेला समांतर धरलं की उलटं होतं, आणि तो पोरगा तसंच धरत होता. दुसरं म्हणजे १८ मिमी प्लायला ४० मिमीचा खिळा पुरतो, ५० चा भरला म्हणून जॉइंट काही जास्त पक्का होत नाही. आणि हात जॉइंटपासून निदान एक वीत लांब. तेवढी जागाच नसेल तर क्लॅम्प लावा, किंवा तो खिळा हातोडीने मारा. "एकच तर मारायचाय" म्हणून बोट मधे ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ गन काढून घेतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे गन क्लॅम्पसारखी वापरणं. पट्टी आणि प्लायमधे फट दिसतेय, तरी हा खिळा मारतो, फट तशीच, मग शेजारी दुसरा, मग तिसरा, वीतभर पट्टीची चाळण करतो आणि वर म्हणतो गनमधे दम नाही. अहो, ब्रॅड फट ओढून घेत नाही. ते काम स्क्रूचं. ब्रॅडला डोकं नावापुरतं असतं, तो फक्त आहे तसं धरून ठेवतो, म्हणजे फट असेल तर फटीसकट धरून ठेवतो. जॉइंटची खरी ताकद ग्लूची आणि ग्लूला दोन्ही पृष्ठभाग घट्ट चिकटलेले लागतात. ग्लू लावा, दाबा, गुण्या लावून काटकोन बघा, एका टोकाला एक खिळा, परत गुण्या, मग दुसरं टोक आणि शेवटी मधले. दुसऱ्यांदा गुण्या लावायचा कंटाळा करणाऱ्यांचेच ड्रॉवर नंतर तिरके चालतात, कारण ओल्या ग्लूवर पहिल्या खिळ्याच्या धक्क्यानेही पट्टी सरकते.

बाकीच्या चुका पटापट.

खिळा किती खोल जावा ते गनवर सेट न करता थेट कामावर मारणं. त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी दोन-चार मारा, डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली गेलं की झालं.

खिळा वर राहिला म्हणून त्याच जागी दुसरा मारणं. कधीच करू नका, खिळ्यावर खिळा आपटून कुठेही उडतो. पंच, म्हणजे खिळ्याच्या डोक्यावर टेकवायची लोखंडी कांडी, घ्या आणि हातोडीने आत बसवा. गन नीट दाबून धरली नाही की धक्क्याने ती उचलली जाते आणि डोकं वर राहतं, बहुतेक वेळा कारण हेच असतं.

पट्टीच्या अगदी टोकाला खिळा मारला की लाकूड फाटतं. टोकापासून थोडं आत या, किंवा २३ गेजची पिन वापरा. एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कडेत तर जास्तच जपून.

बंप मोड, म्हणजे ट्रिगर दाबूनच ठेवायचा आणि नोज (गनचं खिळा सुटतो ते तोंड) टेकवलं की खिळा सुटतो. नवीन माणसाने त्याला हात लावू नये. दर खिळ्याला नोज टेकवून मग ट्रिगर ओढायचा मोडच ठेवा.

गॉगल. यावर चर्चा नाही.

खिळा अडकला तर आधी बॅटरी काढा, मग मॅगझिन रिकामं करा, मग नोज उघडून पक्कडीने खिळा काढा. याच क्रमाने. बॅटरी लावलेली ठेवून नोजमधे स्क्रूड्रायव्हर खुपसणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. काही गनमधे आत दाबलेला वायू असतो, अशा गनमधे खिळा अडकलेला असताना बॅटरी काढली तरी जोर शिल्लक राहू शकतो, म्हणून नोजसमोर बोट आणि चेहरा दोन्ही नको. सारखाच अडकत असेल तर खिळ्यांची पट्टी वाकलेली, गंजलेली किंवा चुकीच्या गेजची आहे का ते बघा, बॅटरी उतरलीय का तेही बघा.

आणि तेल. कॉम्प्रेसरवाल्या गनला रोज तेलाचे थेंब लागतात म्हणून तीच सवय इकडे आणू नका. काही कॉर्डलेस गनमधे फिरतं चाक खिळा ढकलणाऱ्या पात्याला पकडून फेकतं, तिथे तेल गेलं की पकड सुटते आणि खिळे अर्धेच जातात. मॅन्युअलमधे लिहिलं नसेल तर एक थेंबही घालू नका, कोरड्या ब्रशने नोज साफ करा आणि त्याला ग्लू लागला असेल तर सुकायच्या आत पुसून घ्या.