दोघांनाही न येणारं काहीतरी

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याने मला पोहायला शिकवायचं मनावर घेतलं. तो सातव्या वर्षापासून पोहतो. मी कमरेएवढ्या पाण्यात, काठाची दांडी दोन्ही हातांनी धरून उभी. तो सांगत होता, "अगं, डोकं खाली घाल, पाय आपोआप वर येतील." सांगत होता ते बरोबरच होतं. मान वर ताणली की पाय बुडतात. छातीत हवा भरून चेहरा पाण्यात सोडला की शरीर आडवं होऊन तरंगतं. पण पाणी नाकाशी आलं की पोटात जो गोळा येतो तो त्याच्या आठवणीतून कधीच पुसून गेला होता. त्याचा आवाज चढत गेला, मी आणखी आक्रसत गेले. तिसऱ्या दिवशी घरी परतताना आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

पोहायला मी पुढे शिकले, पण एका शिक्षिकेकडे, आणि तो आसपास नसताना. त्या तीन दिवसांतून आमच्या घरात एक नियम आला आणि गेली चार वर्षं तो टिकून आहे: नवीन काही सुरू करायचं तर दोघांनाही न येणारं. एकाला येतं आणि दुसऱ्याला नाही, अशी गोष्ट जोडीने शिकायला घेतली की एक जण मास्तर होतो आणि दुसरा विद्यार्थी. ऑफिसात दिवसभर कुणीतरी आपल्या चुका काढलेल्या असतात. संध्याकाळी घरातल्या माणसानेही तेच करावं हे सहन होत नाही. दोघंही सारखेच कच्चे असलो की एकाच्या चुकीला दुसरा मनापासून हसतो आणि ते हसणं बोचत नाही.

यावर संशोधनही झालेलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 53 विवाहित जोडप्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जोडप्यांना दर आठवड्याला दीड तास त्यांना थरारक वाटेल असं काहीतरी एकत्र करायला सांगितलं, काहींना फक्त आवडीचं, आणि काहींना वेगळं काहीच नाही. दहा आठवड्यांनी थरारक गोष्टी करणारी जोडपी आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी होती. पुढे 2000 सालच्या प्रयोगात त्यांनी नवरा-बायकोचा एकेक हात आणि पाय एकत्र बांधून त्यांना गाद्यांवरून रांगायला लावलं, मध्ये अडथळा, आणि दोघांच्या अंगांमध्ये धरलेली उशी हात न लावता पलीकडे न्यायची. सगळा खेळ सात मिनिटांचा. तेवढ्यानेही एकमेकांबद्दल वाटणं सुधारलेलं दिसलं. सात मिनिटांचा परिणाम किती दिवस टिकणार हा प्रश्न आहेच. पण यातला एक मुद्दा मला आमच्या अनुभवावरून शंभर टक्के पटतो: नुसतं 'छान' पुरत नाही, थोडं बिचकायला लावणारं हवं. सोफ्यावर बसून मालिका बघणं आम्हालाही आवडतं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यातलं बोलायला काही उरत नाही.

आता निवड कशी करायची. समोरासमोर बसून "तुला काय करावंसं वाटतं?" "तू सांग" असं सुरू केलंत तर तासाभराने दोघंही मोबाइल बघत बसाल. आम्ही चिठ्ठ्या लिहितो. वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना न दाखवता, प्रत्येकी सहा. त्यातल्या दोन घरातल्या घरात तासाभरात होणाऱ्या, दोन बाहेर पडून करायच्या, दोन कुणाकडून तरी शिकाव्या लागतील अशा. मग चिठ्ठ्या बदलायच्या आणि समोरच्याच्या सहांपैकी दोन फाडून टाकायच्या. का फाडल्या हे विचारायचं नाही. मला उंचीवरून उडी मारायची नाही, त्याला लोकांसमोर नाचायचं नाही. यावर वाद घालून कुणाचं मन वळत नाही. उरलेल्या आठ चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या. चिठ्ठी निघाली की पंधरा दिवसांच्या आत ती गोष्ट करायची.

आणि वार ठरवा. आमचा गुरुवार आहे, संध्याकाळी साडेसात. "बघू या वीकेंडला" म्हटलं की ती गोष्ट मेलीच, कारण वीकेंडला कपडे असतात, पाहुणे असतात, राहिलेली झोप असते. गुरुवारी आम्ही दमलेलेच असतो, तरी सुरू करतो. वीस मिनिटांनंतरही नकोसं वाटलं तर बंद करायची मुभा आहे. ती आम्ही चार वर्षांत दोन-तीनदाच वापरली असेल.

चौथ्या वेळेपर्यंत निकाल द्यायचा नाही, हाही नियम ठेवा. पहिली वेळ बावरण्यात जाते, दुसरी सामान हाताळण्यात, तिसऱ्या वेळी काहीतरी जमल्यासारखं वाटतं. चौथ्यांदा आवडतंय का ते खरं कळतं. तोपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही. मागून आणा, भाड्याने घ्या. सामान आधी घेतलं की छंदाचं ओझं होतं. पैसे घातलेत म्हणून करायचं, आणि करत नाही म्हणून एकमेकांना टोमणे. आमच्याकडे एक गिटार अशीच आली आणि तशीच गेली.

आज रात्रीच काही करायचं असेल तर हे करा. दोन कागद, दोन पेन्सिली. समोरासमोर बसा, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. एकमेकांचा चेहरा काढायचा, पण कागदाकडे अजिबात बघायचं नाही आणि पेन्सिल उचलायची नाही. नजर कपाळावरून मुंगीच्या चालीने खाली आणायची आणि हात त्याच चालीने हलवायचा. पाच मिनिटं गजर लावून. चित्र कसंही येईल, डोळा गालावर, नाक कानापाशी. त्याची फिकीर नको. चित्र काढणारी माणसं नजर तयार करण्यासाठी हा सराव नेहमी करतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नवऱ्याच्या डाव्या भुवईतली बारीकशी खूण दिसली, जिथे केस उगवतच नाहीत. लहानपणी जिन्यावरून पडला होता. दोन वर्षं एका घरात राहून मला ती दिसली नव्हती, आणि ती गोष्टही त्याने कधी सांगितली नव्हती. ते दोन्ही कागद मी जपून ठेवले आहेत.

दुसरी गोष्ट आकाशाची. यासाठी गच्ची किंवा मोकळी जागा, आणि जमलं तर कुणाची तरी दुर्बीण उसनी. दुर्बिणीवर 10×50 असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 7×50 किंवा 10×50 हातात धरायला ठीक. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी मेहनत वाया. उजेड लागणारच असेल तर टॉर्चवर लाल कागद गुंडाळा, मंद लाल प्रकाशाने सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमा सोडून. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि विवरं उठून दिसतात. मग सप्तर्षी दिसत असतील तर शेपटीतला मधला तारा बघा, वसिष्ठ. त्याला खेटून अंधूक अरुंधती. आधी नुसत्या डोळ्यांनी कुणाला दिसते ते बघा. दुर्बीण सूर्याकडे मात्र चुकूनही वळवायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

आम्हाला सगळ्यात जास्त नादी लावलं ते गुरूने. 7 जानेवारी 1610 रोजी गॅलिलिओला गुरूच्या शेजारी तीन ठिपके दिसले, काही दिवसांत चौथाही दिसला. ते गुरूचे चंद्र होते, आणि साध्या दुर्बिणीतूनही आज ते दिसतात. अट एकच, हात हलता कामा नये. कोपरं कठड्यावर टेका, नाहीतर सरळ पाठीवर झोपा. आम्ही एका वहीत रोज मधोमध गोल काढून त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके मांडायला लागलो. एक दिवस तो, एक दिवस मी. ठिपके रोज जागा बदलतात. आयो हा त्यातला सगळ्यात आतला, तो पावणेदोन दिवसांच्या आसपास एक फेरी मारतो. कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात. दहाव्या रात्री वही चाळताना ते फिरणं आम्हाला आमच्याच रेघोट्यांत दिसलं. मला नुसतं "ए, बघ ना" एवढंच म्हणता आलं.

बाहेर पडून करायच्या गोष्टींमध्ये भिंत चढणं मी आग्रहाने सांगेन. कृत्रिम भिंतीवर, प्रशिक्षक जवळ असताना. दोरीने चढताना एक जण वर जातो आणि दुसरा खाली उभा राहून दोर सांभाळतो, त्याला बिले देणं म्हणतात. चढणाऱ्याला सांभाळणं सगळं खालच्याच्या हातात. दोराला ब्रेक लावणारा हात कुठल्याही कारणाने सोडायचा नाही, नाक खाजलं तरी नाही. चढण्याआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं: हार्नेसचे, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेले, पट्टे घट्ट आहेत का, दोराची आठाची गाठ पुरी परत फिरवून घेतली आहे का, कॅराबिनरला, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीला, कुलूप लागलं आहे का. हे डोळ्यांनी बघून भागत नाही, हात लावून ओढून बघायचं. दोघांच्या वजनात बराच फरक असेल तर आधीच सांगा. वरचा जड असला आणि घसरला तर खालचा उचलला जातो, त्यासाठी प्रशिक्षक वेगळी सोय करतात.

मी पहिल्यांदा अर्ध्या भिंतीवर अडकले तेव्हा हात थरथरायला लागले होते. खालून त्याने फक्त "धरलंय मी" एवढंच म्हटलं. कुठे पाय ठेव, कुठे हात घाल, काही नाही. पोहण्याच्या वेळचा तोच माणूस. या वेळी त्यालाही त्यातलं काही येत नव्हतं, आणि नुकताच तो स्वतः त्याच जागी अडकून आला होता.

रोजच्या धबडग्यात एवढा घाट घालायला जमत नाही, तेव्हा छोटं काहीतरी. कोपऱ्याकोपऱ्यावर नाणं उडवून डावीकडे-उजवीकडे ठरवत तासभर चालायचं. अनोळखी बसमध्ये चढून शेवटच्या थांब्याला उतरायचं. नाहीतर जिओकॅशिंग, म्हणजे मोबाइलवरच्या नकाशावरून कुणीतरी लपवलेली डबी शोधायची. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशातला मुद्दाम घातलेला दोष काढून टाकला, त्यामुळे जागा अचूक कळू लागली, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पहिली डबी लपवली गेली. डबी सापडली की आतल्या वहीत नाव आणि तारीख टाकून ती होती तिथेच ठेवायची.

एकाला आवडलं आणि दुसऱ्याला नाही, असं होणारच. चौथ्या वेळेनंतर मी भिंत सोडली. तो अजून जातो, दर रविवारी. मी त्या वेळात चित्रं काढते. तो परत आला की हातावरचे नवे घट्टे दाखवतो, मी वही दाखवते. यात काही बिनसलं असं आम्हाला वाटत नाही. फक्त एक तरी गोष्ट दोघांची म्हणून चालू असावी, यावर आम्ही दोघंही ठाम आहोत. आधीची सुटली की डबा पुन्हा उघडायचा.

मागच्या गुरुवारी निघालेली चिठ्ठी दोघांच्या कयाकची, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होडीची आहे. पुढे बसणारा वल्ह्याची लय ठरवतो, मागच्याने त्याच लयीत वल्ही मारत दिशा सांभाळायची, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. दोघांनी लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येत असलं तरी. मी पुढे बसणार आहे. अर्ध्या वाटेवर काठाला लागून जागा बदलायच्या, एवढं ठरलं आहे.