‘काय व्हयनं?’ नको, ‘काय दिसी ऱ्हायनं?’ विचारा

माझं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला लावायचा जोड, छोटं आहे. वर्डप्रेसच्या मजकुरातले इंग्रजी आकडे देवनागरी करायचे, एवढंच त्याचं काम. जळगावात बसून लिहिलं, मोफत ठेवलं, म्हटलं लोक सांगतील तसं सुधारू. लोकांनी सांगितलं. मलाच ऐकता आलं नाही.

अमळनेरला कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका दादांचा फोन आला. ‘भाऊ, साइटवरची अक्षरं बिघडलीत.’ मी अहिराणीत विचारलं, ‘काय व्हयनं?’, म्हणजे काय झालं? ते म्हणाले, ‘फॉन्टचं काहीतरी असेल.’ झालं! नऊ रात्री मी फॉन्टच्या मागे घालवल्या. नव्या आवृत्तीत वेगळा फॉन्ट भरला. त्याने आणखी दोघांच्या साइट जड झाल्या आणि दादांचं दुखणं तसंच राहिलं. शेवटी पॅसेंजर धरून अमळनेर गाठलं. त्यांच्या कापसाच्या लेखात दिसत होतं:

&#८२१६;फरदड&#८२१७;

दादांनी ‘फरदड’ला (हंगामानंतरही शेतात ठेवलेला कापूस) साधी अवतरणचिन्हं दिली होती. वर्डप्रेस ती वळणदार करताना &#8216; आणि &#8217; असे कोड घालतं. माझं प्लगिन त्यानंतर चालायचं आणि कोडातलेही आकडे बदलून टाकायचं. मग ब्राउझरला तो कोड ओळखता येत नव्हता. एचटीएमएलचे टॅग, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या खुणा, मी वगळले होते, हे कोड विसरलो होतो. दुरुस्ती चार ओळींची निघाली.

म्हणून सांगतो, वापरणाऱ्याला कारण विचारू नका. तो बिचारा अंदाज सांगतो आणि आपण त्यालाच निदान समजून बसतो. ‘काय दिसी ऱ्हायनं?’, म्हणजे काय दिसतंय, ते विचारा. स्क्रीनवरचा मजकूर जसाच्या तसा कॉपी करून मागा. कुठलं पान, आधी काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, कधीपासून होतंय, हे विचारा. वर्डप्रेस आणि प्लगिनच्या आवृत्त्या कळण्यासाठी त्याला वर्डप्रेसमधल्या ‘साइट हेल्थ’ पानावरची माहिती कॉपी करून पाठवायला सांगा, वर्डप्रेस ५.२ पासून ती सोय आहे. ॲडमिनचा पासवर्ड मात्र कधीही मागू नका. देत असला तरी घेऊ नका.

आणि बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत प्लगिनच्या कोडला हात लावू नका. कोऱ्या वर्डप्रेसवर, मूळ थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) ठेवून, बाकी प्लगिन बंद करून बघा. तिथे बिघाड नाही दिसला तर एकेक चालू करत जा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या नऊ रात्रींपेक्षा स्वस्त पडतं.

मला एका अनुभवी माणसाने सल्ला दिला होता, ‘गिटहबवर इश्यू टाकला नाही तर तो बग धरायचाच नाही.’ गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट, इश्यू म्हणजे तिथली तक्रारीची नोंद. आपल्याकडे हे चालणार नाही. इथला माणूस फोन करतो, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतो. इश्यू आपण टाकायचा, त्याच्याच शब्दांत, नाव-नंबर काढून. सुरक्षेची त्रुटी असेल तर ती उघड्यावर मांडायची नाही. आधी दुरुस्त करून नवी आवृत्ती सोडायची.

पहिली तक्रार आली की पोटात गोळा येतो. येऊ द्या. एखादा रेटिंगमध्ये एकच तारा देऊन जाईल, त्यालाही शांतपणे हेच प्रश्न विचारा. वैतागलेला माणूस निदान वापरतोय तरी. बरेचसे न सांगताच प्लगिन काढून टाकतात, ते कळतही नाही.

त्या दादांना दुरुस्ती झाल्यावर मी फोन केला, कोणत्या आवृत्तीत केली तेही सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांनी आपणहून दुसरी चूक कळवली, स्क्रीनवरचा मजकूर कॉपी करून. ‘फरदड’ची ती ओळ माझ्या चाचण्यांमध्ये आहे, प्रत्येक आवृत्तीआधी पहिल्यांदा तीच चालवतो.