कार्बन डायऑक्साइड उष्णता कशी अडवतो: शिकवताना या चुका टाळा

मे महिन्यात दिवस बुडाल्यावर उन्हात तापलेल्या भिंतीपासून वीतभर अंतरावर तळहात धरा. हात न लावताही झळ लागते. ते अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. यवतमाळकडच्या आमच्या शाळेत मी हा धडा भिंतीपासूनच सुरू करतो, कारण मुलांना वाटतं की कार्बन डायऑक्साइड वरून येणारं ऊन अडवतो. ऊन तो जवळजवळ सगळं खाली येऊ देतो. तापलेली जमीन रात्रंदिवस जी झळ वर सोडते, तिच्यातला 15 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा भाग तो शोषतो. त्याने हवा तापते, आणि तीही झळ सोडते, वर आणि खालीही.

यालाच हरितगृह परिणाम म्हणतात, पण 'हरितगृह' म्हटलं की मुलं पॉलीहाऊस सांगतात. तिथे मुख्यतः गरम हवा कोंडली जाते, गोष्ट वेगळी. त्यापेक्षा थंडीतली आभाळाची रात्र आठवायला सांगा. आभाळ आलं की गारठा कमी होतो, हरभऱ्यावर दवही फारसं पडत नाही. ढगांनी जमिनीची झळ अडवलेली असते.

सगळ्यात जास्त फसगत बाटल्यांच्या प्रयोगात होते. एका बाटलीत खायचा सोडा आणि व्हिनेगर (त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो), दुसरीत साधी हवा, दोन्ही उन्हात. आमच्याकडे साध्या हवेचीच बाटली जास्त तापली, मुलं हिरमुसली. मग दोन्ही थर्मामीटर एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवले, तर त्यांच्यातच एका अंशाचा फरक! शिवाय सोडा फसफसताना थंड पडतो. म्हणून आधी थर्मामीटर जुळवा, वायू वेगळ्या भांड्यात करून नळीने आणा. तरीही आलेल्या फरकाला पुरावा म्हणू नका. काच स्वतःच अवरक्त किरण शोषते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये वायू तपासले तेव्हा नळीच्या टोकांना काचेऐवजी सैंधव मिठाच्या चकत्या लावल्या, त्या याचसाठी.

'हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, त्याने काय होतं?' हा प्रश्न उडवून लावू नका. कोरड्या हवेत 99 टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन. ते ही झळ जवळजवळ अडवतच नाहीत. म्हणून हवेच्या दहा लाख रेणूंत 280 वरून 420 च्या पुढे गेलेला हा वायू इतका महत्त्वाचा.

ओझोनचं छिद्र इथे आणू नका, तो वेगळा विषय आहे.

ग्रह शिकवताना नुसती टक्केवारी फळ्यावर लिहू नका. मंगळावर 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, तरी सरासरी उणे 60 अंशांच्या आसपास, कारण तिथला वायुदाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. शुक्रावर 96 टक्के, पण दाब नव्वदपट, आणि पृष्ठभाग सुमारे 460 अंश. 'तो सूर्याजवळ आहे ना?' असं कुणी विचारलं तर बुध दाखवा: सूर्याला त्याहून जवळ, तरी शुक्राइतका तापत नाही.