कॅम्परव्हॅनने न्यूझीलंडचं दक्षिण बेट फिरताय? या चुका टाळा

साताऱ्यात माझं गॅरेज आहे आणि मुलगी ख्राइस्टचर्चला असते. त्यामुळे आजवर तीनदा तिकडे जाणं झालं आणि तिन्ही वेळा भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही दक्षिण बेट फिरलो. हे गावात कळल्यापासून दिवाळी झाली की कोणी ना कोणी मोबाइल पुढे करत गॅरेजात येतंच. "मामा, एवढं बघा. सात दिवसांत बसतंय ना?" यादीत एबल टास्मन, पुनाकाइकी, फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन्ही हिमनद्या, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, माउंट कुक, सगळं असतं.

नाही बसत. हे बेट दीड लाख चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं. सात दिवसांत लोणार, अजिंठा, नाशिक, गणपतीपुळे, तारकर्ली करून परत साताऱ्याला या असं सांगितलं तर हीच माणसं हात जोडतील. परदेश म्हटला की अंतराचा हिशेब कुठे जातो कळत नाही. तेच तेच सांगून थकलो, म्हणून आता लिहूनच काढतो.

नकाशातल्या तासांवर दिवस आखू नका

सगळ्यात जास्त सहली या एका चुकीने बिघडतात. वानाका ते फ्रान्झ जोसेफ साधारण २८५ किलोमीटर. मोबाइल चार तास दाखवतो. आपण पुणे-बेंगळुरू रस्त्यावर वाढलेली माणसं, चार तास म्हणजे काय, जेवून निघू म्हणतो.

दुसऱ्या सहलीत आम्ही तसेच निघालो. एप्रिलचा शेवट होता, सोबत माझे साडू आणि मेव्हणी. वानाकाला पाणी भरणं, टॉयलेटची टाकी रिकामी करणं, भांडी घासून कपाटं लावणं यातच साडेअकरा वाजले. हावेआ तळ्याकाठी दोनदा थांबलो, कारण तिथे न थांबणं शक्यच नाही. हास्ट खिंड ओलांडून हास्ट गावात पोचायला चार वाजले. साडू म्हणाले, "टाकी निम्मी आहे, पुढे भरू." तिथून फॉक्स ग्लेशियरपर्यंत १२० किलोमीटर पंप नाही हे मला माहीत होतं. मी गाडी वळवायला लावली आणि टाकी भरून घेतली. तेवढं एक शहाणपण त्या दिवशी झालं.

पुढे नाइट्स पॉइंटला समुद्र बघेपर्यंत उजेड मावळला. एप्रिलअखेर तिकडे सहाच्या आत सूर्य बुडतो. त्यात पाऊस सुरू झाला. एका बाजूला झाडी, एका बाजूला अंधार, मोबाइलला रेंज नाही आणि दर थोड्या वेळाने एकेरी पूल. त्या पुलांवर पाटी बघूनच पाऊल टाकायचं असतं: लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर आपण थांबायचं, निळ्या चौकोनी पाटीवर आपला बाण मोठा पांढरा असेल तर आपला हक्क, तरीही समोर बघून. पावसात, काचेवर वाफ धरलेली असताना, अशी पाटी साडूंच्या नजरेतून सुटली. समोरून लाकडाचा ट्रक पुलावर चढलेला. आम्ही पुलाच्या तोंडाशी थांबलो, तो जोराचा हॉर्न देत गेला. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

फ्रान्झ जोसेफचं बुकिंग सोडून दिलं. पारिंगा तळ्याकाठी निसर्ग संवर्धन खात्याची साधी कॅम्पसाइट आहे, तिथेच गाडी लावली. जेवायला भडंग आणि चहा. भाड्याचे पैसे बुडाले, त्याचं मला काही वाटलं नाही. सकाळी दार उघडलं तर समोर तळं होतं आणि मेव्हणी म्हणाली, "काल उजेडात इथंच थांबायला पाहिजे होतं." अगदी खरं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. दिवसाला दीडशे, फार तर पावणेदोनशे किलोमीटर. नकाशाच्या वेळेत निम्मी वेळ मिळवायची. चार वाजता गाडी मुक्कामाला लागलीच पाहिजे आणि दर तिसऱ्या दिवशी किल्ली खिशातून काढायचीच नाही. लोकांना हे पटत नाही. "एवढा खर्च करून बसून राहायचं का?" हो, बसून राहायचं. त्यासाठीच तर घर सोबत घेतलेलं असतं.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका

हा माझा धंद्याचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

'ते आनाउ' नावाच्या गावाहून मिलफर्ड ११८ किलोमीटर, फिओर्डलँड राष्ट्रीय उद्यानातून. वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, १९५४ साली खुला झालेला. बोगदा आतूनच उतरता आहे, दर दहा मीटरला एक मीटर. बाहेर पडलं की वळणं सुरू होतात आणि नऊशेच्या वर मीटर उंचीवरून वीसएक किलोमीटरमध्ये गाडी समुद्राला टेकते. आपला कुंभार्ली डोळ्यांपुढे आणा.

कॅम्परव्हॅन दिसते मिनीबससारखी, पण वजन साडेतीन टनांच्या घरात. पाणी, गॅस, सामान, चार माणसं. गाडी ऑटोमॅटिक असते, म्हणून आपली माणसं 'डी'मध्ये टाकतात आणि सगळा घाट ब्रेकवर उतरतात. सतत दाबून धरलेला ब्रेक तापत जातो, पॅडची पकड सुटते. आणखी तापला तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. मग कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

पहिल्या सहलीत स्टिअरिंगवर साडूच होते. बोगद्यातून निघून पाचेक मिनिटांत मला वास आला. हा वास मी चाळीस वर्षं घेतोय, त्यात चूक होत नाही. गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. साडू घाईघाईने पाण्याचा कॅन घेऊन आले, मी हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, तडकूही शकते. गाडी 'पी'मध्ये, चाकाला दगड, आणि पाऊण तास नुसतं थांबायचं. त्या पाऊण तासात किआ नावाचे मोठे हिरवे डोंगरी पोपट आले आणि वायपरचं रबर ओढायला लागले. त्यांना खाऊ घालायचं नाही, आणि गाडी सोडून लांबही जायचं नाही.

उपाय एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांनी मला पोरगा असताना शिकवला: ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा. ऑटोमॅटिकमध्येही हाताने गिअर खाली घेता येतो, गाडी ताब्यात घेतानाच तो कसा घ्यायचा हे विचारून घ्या. इंजिनाने गाडी धरू द्या. ब्रेक थोडा जोरात लावून सोडायचा, परत लावायचा; दाबून ठेवायचा नाही. वानाका-क्वीन्सटाउनमधला क्राउन रेंजचा रस्ता १०७६ मीटरवर जातो, तिथेही हेच.

मागे गाड्या साठल्या की घाबरून वेग वाढवू नका. डावीकडे जागा दिसली की बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या. तिकडे तशी रीतच आहे. डावीकडून चालवायचं असल्याने आपल्याला सोपं जातं, पण त्या सोपेपणानेच माणूस बेफिकीर होतो.

भरती-ओहोटी न बघता समुद्रावर जाणं

आपण घाटावरची माणसं. समुद्र आपल्याला गुहागर-दापोलीच्या दोन दिवसांपुरता माहीत, त्यामुळे भरतीचं वेळापत्रक बघायचं डोक्यातच येत नाही. एबल टास्मन उद्यानात किनाऱ्याची पायवाट आवारोआची खाडी चालत ओलांडते. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास, तेवढ्यातच ओलांडता येते. वेळ चुकली तर काठावर बसायचं. मोएराकीचे ते गोल गोल दगडही ओहोटीलाच नीट दिसतात. पण पुनाकाइकीला बरोबर उलटं. तिथल्या थरांच्या खडकांतून पाण्याचे फवारे उडतात ते भरतीला, लाटा जोरात असताना. ओहोटीला जाऊन "काहीच नव्हतं" म्हणणारे दोघे मला साताऱ्यातच भेटलेत. मी रोजची भरती-ओहोटी आदल्या रात्री वहीत लिहितो, मग सकाळचा बेत ठरवतो.

एका गावचं हवामान बघून सगळ्या बेटाचं ठरवणं

हे सातारकराला समजवायला लागू नये. महाबळेश्वरात पाऊस कोसळत असतो तेव्हा माण-खटावात धूळ उडते. तिथेही मध्ये डोंगरांची रांग आहे आणि ढग पश्चिमेकडून येतात. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरापेक्षा जास्त. डोंगरापलीकडे अलेक्झांड्राला चारशेसुद्धा नाही. पश्चिम किनाऱ्यासाठी एक दिवस हातचा ठेवाच. आणि मिलफर्डला पाऊस लागला म्हणून रडू नका, कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात ते पावसातच. रस्ता चालू आहे की बंद, एवढं मात्र 'ते आनाउ'लाच बघून निघा. मे ते नोव्हेंबर गाडीत बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या लागतात.

सामानात काय आहे ते न सांगणं

विमानतळावरच्या अर्जात खाण्याच्या वस्तूंबद्दल विचारतात. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने कंदी पेढे नेले आणि 'नाही'वर खूण केली. चारशे डॉलर दंड, जागेवर. सांगितलं असतं तर फार तर पेढे काढून घेतले असते, दंड नाही. दुधाचे पदार्थ, मध, ताजी फळं, बी-बियाणं नेऊच नका. मसाले, डाळी, भडंग जे काही असेल ते सरळ लिहा. आणि शेतातून फिरलेले बूट घासून धुऊन न्या. मातीतून रोग जातो, त्यांची सगळी शेती या काळजीवर उभी आहे. तपासणी करणाऱ्या त्या माणसांचं मला कौतुकच वाटतं.

बाकीच्या, थोडक्यात

दिसेल तिथे मुक्काम करू नका. मोकळ्या जागी राहायला गाडीवर 'सेल्फ-कंटेन्ड'चं, म्हणजे पाणी, टॉयलेट, सांडपाण्याची टाकी सगळं गाडीतच असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. २०२३ मध्ये कायदा बदलला, आता टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं हवं, नुसतं उचलून ठेवायचं चालत नाही. प्रमाणपत्र असलं तरी गावागावाचे नियम वेगळे. पाटी वाचा. राष्ट्रीय उद्यानात शिरायला पैसे नाहीत, पण राहायचं ठरवून दिलेल्या जागीच.

मिक्सर आणि राइस कुकर घरी ठेवा. आतले २३० व्होल्टचे प्लग बहुतेक गाड्यांत बाहेरून वीज जोडली तरच चालतात. आमचा नियम: दोन रात्री साध्या जागी, तिसरी विजेच्या जागी.

भांड्यांचं पाणी रस्त्यावर सोडणाऱ्याला मी माफ करत नाही. त्यासाठी डम्प स्टेशन, म्हणजे गाडीतलं सांडपाणी ओतायच्या जागा, असतात, तिथेच जा, आणि हातमोजे घाला.

गाडी हलायच्या आधी गॅस बंद, कपाटांच्या खिट्ट्या लावलेल्या, वरची खिडकी खाली. ही तपासणी एकाच माणसाने रोज करायची, "तू केलीस ना?" चालणार नाही.

वाऱ्यात दार उघडताना हात दारावरच ठेवा. बिजागरी तुटलेली दारं मी तिथल्या भाड्याच्या कंपन्यांच्या तळांवरही पाहिली.

सँडफ्लाय नावाची बारीक माशी पश्चिम किनाऱ्यावर पहाटे आणि संध्याकाळी फोडून काढते. कॅप्टन कुकने १७७३ मध्ये तिच्याबद्दल तक्रार लिहून ठेवली आहे. अंधार पडला की ती चावत नाही, तोवर बाह्या लांब आणि दार बंद.

डिझेल पंपावर स्वस्त दिसतं म्हणून खूश होऊ नका. डिझेल गाडीला किलोमीटरवर वेगळा रस्ता कर आहे आणि भाड्याच्या गाडीत तो बहुधा शेवटी तुमच्याकडूनच घेतात. करारात शोधा, खर्चाच्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहा.

आणि गाडी परत द्यायच्या आदल्या रात्री कंपनीच्या तळापासून तासाभराच्या आत मुक्काम करा. सकाळी टाक्या रिकाम्या करायच्या असतात, डिझेल भरायचं असतं, पलंगाखाली गेलेले चमचे शोधायचे असतात. आम्ही ते सगळं ख्राइस्टचर्चच्या बाहेरच्या एका कॅम्पवर करतो, आणि मग मुलीकडे जेवायला जातो.