ग्लेन लायन : स्कॉटलंडच्या एका खोऱ्यात अख्खा दिवस कसा घालवावा

एडिंबराहून निघायचं, ग्लेनको, स्काय बेट, लॉख नेस (लॉख म्हणजे सरोवर) असं तीन दिवसांत उरकून परत यायचं, ही हायलँड्सची, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाची, नेहमीची सहल. त्यात खोरी दिसतात ती बसच्या काचेतून. माझं आग्रहाचं सांगणं असं की त्यातला एक दिवस कापून एकाच खोऱ्याला द्यावा, आणि ते खोरं असं निवडावं जिथे रस्ताच संपतो. पर्थशरमधलं ग्लेन लायन तसं आहे. स्कॉटलंडमधल्या सर्वांत लांब बंदिस्त खोऱ्यांत त्याची गणना होते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून लायन नदी आणि तिच्या काठाने गेलेला एकेरी रस्ता. फोर्टिंगल गावापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर तो धरणाच्या भिंतीपाशी थांबतो.

महिना ठरवताना

मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. डोंगर हिरवे झालेले असतात, मेंढ्यांची कोकरं हिंडत असतात आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड टिकतो. जुलै-ऑगस्टमध्ये चिलटांचा त्रास असतो. मिज नावाचा हा कीटक इतका बारीक असतो की आधी चावा जाणवतो आणि मग तो दिसतो. दमट, वारा पडलेल्या संध्याकाळी नदीकाठी त्यांचे थवे उठतात; जरा वारा सुटला की नाहीसे होतात. त्या दिवसांत जायचं असेल तर अंगाला लावायचं मलम आणि डोक्यावरून घ्यायची जाळी आधीच विकत घ्या. ऑक्टोबरमध्ये बर्च झाडं पिवळी पडतात, तेव्हाचं खोरंही पाहण्यासारखं असतं. डिसेंबरात मात्र साडेतीनच्या सुमारास अंधारतं आणि रस्त्यावर बर्फ साचतो. पहिल्या भेटीला तो महिना नको.

गाडी आणि परवाना

पर्थहून अबरफेल्डीपर्यंत बस जाते, पण त्यापुढे खोऱ्यात शिरायला बसवर विसंबू नका. गाडी हवीच. भारतातून पर्यटक म्हणून आलेल्याला आपल्या वैध भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि वाहतूक डावीकडूनच असल्याने सवय मोडावी लागत नाही. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर आरक्षण करा, आणि लहानच घ्या. सात आसनी गाडी या रस्त्यावर वळणावळणाला जीव खाते. आणखी एक, स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा 2014पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे. व्हिस्कीची चव घ्यायची असेल तर चालकाने त्या दिवशी घेऊच नये.

एडिंबराहून पर्थ, तिथून ए-9 महामार्गाने डंकेल्डवरून बॅलिनलुइग आणि डावीकडे वळून अबरफेल्डी. इथे थांबाच. टे नदीवरचा दगडी पूल 1733चा आहे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादीवर आणू पाहणाऱ्या जॅकोबाइटांच्या बंडानंतर हायलँड्समध्ये फौजा हलवता याव्यात म्हणून ब्रिटिश लष्कराच्या जनरल वेडने रस्ते आणि पूल बांधले, त्यांतला हा सर्वांत देखणा. पेट्रोल, शौचालय, खाणंपिणं हे सगळं अबरफेल्डीतच उरका. खोऱ्यात ब्रिज ऑफ बाल्गी इथे चहापाण्याची छोटी जागा आहे, पण ती उघडी असेलच असं धरून जाऊ नका. यूकेत राहणाऱ्यांनी घरून धपाटे-चटणी बांधून घ्यावी. भारतातून आलेल्यांनी अबरफेल्डीच्या दुकानातून पाव, चीज, फळं घ्यावीत, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. पुढे सिग्नल जातो.

फोर्टिंगलचं झाड

कोशीव्हिलवरून फोर्टिंगलला पोचलात की चर्चच्या आवारात जा. तिथलं यू वृक्षाचं झाड ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या सजीवांपैकी एक मानलं जातं. वय दोन-तीन हजार वर्षं तरी असावं असा अंदाज आहे; काही जण पाच हजारांपर्यंत जातात. मधला गाभा कुजून गेल्यामुळे वलयं मोजायची सोयच उरलेली नाही. 1769च्या सुमारास बुंध्याचा घेर 52 फूट भरला होता. आज त्या एकाच बुंध्याचे सुटे भाग उभे दिसतात, आणि मूळ घेर किती होता ते जमिनीवर खुंट्यांनी दाखवलं आहे. आठवण म्हणून लोक फांद्या तोडून नेत, म्हणून भोवती भिंत घातली गेली. झाड नर आहे, तरी 2015मध्ये त्याच्या एका फांदीवर मादीसारखी लाल फळं धरलेली वनस्पतिशास्त्रज्ञांना आढळली. इथे अर्धा तास द्या. गावातली गवताने शाकारलेली घरंही बघा; 1885मध्ये ही जमीनजागा विकत घेणारे जहाजमालक सर डोनाल्ड करी यांच्या काळातली ती आहेत.

एकेरी रस्त्यावर गाडी कशी चालवायची

फोर्टिंगलनंतर रस्ता एका गाडीपुरता उरतो. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता रुंद केलेला असतो आणि तिथे ‘पासिंग प्लेस’ची पाटी असते. समोरून गाडी दिसली आणि ती जागा तुमच्या डावीकडे असली तर आत घ्या. उजवीकडे असली तर आपल्याच बाजूला, तिच्या समोर थांबा. समोरचा त्या जागेत शिरून पुढे जाईल. उजवीकडच्या जागेत आपण घुसायचं नाही. वाट दिल्याबद्दल हात वर करून आभार मानायची पद्धत आहे, ती पाळा.

मागे स्थानिकाची गाडी आली तर बाजूला होऊन तिला पुढे जाऊ द्या. त्याला दूध आणायचं असतं, मुलाला शाळेतून घ्यायचं असतं; तुम्ही मात्र देखावा बघत पंचवीसच्या वेगाने चाललेले असता. आणि फोटोसाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी लावू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. खोऱ्यातल्या लोकांना पर्यटकांचा सर्वांत जास्त त्रास होतो तो यानेच. मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात. हॉर्न न वाजवता हळू पुढे सरका, उठतात त्या.

कुठे उतरायचं

इनव्हरवारला गाडी लावून चार मनरो शिखरांची फेरी करता येते. 3000 फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांना मनरो म्हणतात. असे 282 आहेत. ही फेरी सह्याद्रीत नेहमी भटकणाऱ्यांना जमेल, पण पूर्ण दिवस घेते आणि वर धुक्यात वाट सापडत नाही. नकाशा आणि होकायंत्र वापरता येत असेल तरच जा. डोंगरात अडचण आली तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं असतं.

इनरविकच्या छोट्या चर्चमध्ये एक प्राचीन घंटा जपलेली आहे. सातव्या शतकात आयोना बेटाचे मठाधिपती असलेल्या संत अॅडॉमनानांशी इथले लोक तिचं नातं सांगतात. त्यांनी या खोऱ्यात प्लेगची साथ थोपवली अशी कथा आहे.

पुढे झाडीत मेगरनीचा किल्ला आहे. तो खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहा. या खोऱ्याचा कॅप्टन रॉबर्ट कॅम्बेल हा 13 फेब्रुवारी 1692च्या ग्लेनको हत्याकांडात सरकारी सैनिकांचा प्रमुख होता. ज्या मॅकडोनल्ड घराण्याकडे त्याची माणसं जवळजवळ दोन आठवडे पाहुणचार घेत होती, त्याच्याच 38 लोकांना त्यांनी पहाटे मारलं. त्याआधी 1689मध्ये ग्लेनकोच्या मॅकडोनल्डांनी ग्लेन लायन लुटून गुरं हाकून नेली होती. कर्जात बुडालेल्या रॉबर्टला तो मोठा फटका बसला होता. ग्लेनकोला जाणारे सगळे ती गोष्ट ऐकतात. तिची ही बाजू इथे येऊन कळते.

रस्ता संपतो तो 1950च्या दशकात वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या लुब्रीऑख धरणाशी. तिथून लॉख लायनच्या काठाने दूर आत गेलं की ‘टाय नम बोडाख’ लागतं. गुडघ्याएवढं, दगड रचून केलेलं घर आणि त्यात नदीच्या पाण्याने घासलेले दगड : म्हातारी कॅलिआख, तिचा नवरा बोडाख आणि त्यांची मुलं. आपल्याकडचे तांदळे ज्यांनी पाहिलेत त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. एका कडक हिवाळ्यात खोऱ्यातल्या माणसांनी या जोडप्याला आसरा दिला, म्हणून त्यांनी या जमिनीला सुबत्तेचा आशीर्वाद दिला, अशी कथा आहे. मेच्या सुरुवातीला हे कुटुंब घराबाहेर काढून खोऱ्याकडे तोंड करून ठेवतात आणि ऑक्टोबर संपताना पुन्हा आत घेऊन दार दगडांनी बंद करतात. जाऊन-येऊन पूर्ण दिवसाची चाल आहे, वाटेत ओढे पार करावे लागतात, तेव्हा मोठ्या पावसानंतर जाऊ नका. पोचलात तर एकाही दगडाला हात लावू नका.

चालताना पाळायच्या गोष्टी

स्कॉटलंडमध्ये 2003च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक सगळ्या जमिनीवर चालायचा, वस्तीपासून दूर एका जागी दोन-तीन रात्री तंबू ठोकायचाही हक्क आहे. घराभोवतालची बाग आणि उभं पीक मात्र सोडायचं. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचे दिवस असतात, तेव्हा पाट्या वाचून वाट निवडा. नेच्यांतून चाललात तर परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड शोधा. तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. ती काढायची छोटी आकडी औषधांच्या दुकानात मिळते.

परतताना त्याच रस्त्याने येण्यापेक्षा ब्रिज ऑफ बाल्गीहून दक्षिणेला वळा. हा घाट 1214 मीटर उंच बेन लॉअर्सच्या खांद्यावरून लॉख टेकडे उतरतो. हिवाळ्यात त्यावर मीठ टाकत नाहीत, म्हणून बर्फाचा अंदाज असेल तर तो टाळून फोर्टिंगलवरूनच परत या. खाली उतरल्यावर उजवीकडे किलिन गाव आहे. तिथे पुलाखालून डॉकर्ट नदीचे धबधबे कोसळतात, जेवायला जागा मिळते, आणि एडिंबरा सुमारे दोन तासांवर असतं. मुक्काम करायचा असेल तर किलिन किंवा अबरफेल्डी यांपैकी एक निवडा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची खोली बरीच आधी घेऊन ठेवावी लागते.