‘छान’च्या पुढे काय लिहाल? फोटोतल्या प्रकाशावर आणि तंत्रावर अभिप्राय कसा द्यावा

नाशिकच्या रामकुंडावरच्या आरतीचा फोटो ग्रुपवर पडला की खाली ‘मस्त’, ‘अप्रतिम’ची रांग लागते. काढणाऱ्याला हुरूप येतो, पण पुढच्या आरतीलाही तो तीच चूक करतो. उपयोगी अभिप्राय फोटोतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवतो, तिथे तसं का झालं ते सांगतो आणि पुढच्या वेळी करून बघायला एक बदल देतो.

आधी मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत लहान झालेली असते आणि शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओची (किती वेळ, केवढ्या छिद्रातून उजेड घेतला आणि सेन्सर किती संवेदनशील ठेवला याची) नोंदही त्यातून गळते; डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती टिकते. बघताना मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि सावलीत बसा. पूर्ण ब्राइटनेसवर अंधारा फोटोही उजळ वाटतो.

मग काढणाऱ्याला विचारा, ‘यात तुला काय दाखवायचं होतं?’ पुजाऱ्याचा चेहरा दाखवायचा असेल तर काळवंडलेला चेहरा ही चूक. ज्योतींची रांग दाखवायची असेल तर तोच काळोख बरोबर. हे न विचारता दिलेली बरीच मतं वाया जातात.

आता प्रकाश कुठून आला ते शोधा. नाकाची सावली कुठे पडली आणि डोळ्यांत चमक आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. भर दुपारी घाटावर काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि नाकाची सावली ओठांवर दिसते, कारण ऊन थेट डोक्यावरून येतं. ‘लाइट हार्श आहे’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा: ‘माणसाला देवळाच्या सावलीत, पण सावलीच्या कडेशी उभं कर आणि तोंड उजेडाकडे वळव. सावली नसेल तर दोन बाय तीन फुटांचं पांढरं थर्माकोल छातीखाली, फ्रेमच्या बाहेर धर.’ खालून परतलेला उजेड डोळ्यांपर्यंत पोचतो.

नाशिककरांच्या फोटोंत एक दोष वारंवार दिसतो: काळाराम मंदिराचा काळा दगड राखाडी येतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतं, म्हणून फ्रेमभर काळा पाषाण आला की ते फोटो उजळ करतं आणि वरचं आकाश पांढरं फटक होतं. सल्ला द्यायचा तो एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरनं ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १ करण्याचा. मोबाइलवर दगडावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. कोरीव काम सपाट दिसत असेल तर दोष एक्स्पोजरचा नाही. ऊन समोरून लागलं आहे. सकाळी तिरकं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा ये, असं सांगा.

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या बगळ्याचं उलटं असतं. बगळ्यानं फ्रेम भरली तर तो मळकट येतो, तिथे अधिक १ लागतं. तोच बगळा गडद पाण्यावर इवलासा असेल तर पिसं जळतात (पांढरी फटक होऊन तपशील जातो), तिथे उणे १. म्हणून ‘पांढऱ्याला प्लस’ असा ठोकळा नियम कुणाला देऊ नका. फ्रेममध्ये कशानं किती जागा व्यापली आहे ते बघून सांगा.

फोटो ‘हलला’ म्हणण्याआधी तो शंभर टक्के मोठा करा. दिव्यांचे ठिपके, पायऱ्या, माणसं सगळं एकाच दिशेला ओढलं गेलं असेल तर हात हलला. पायऱ्या खणखणीत आणि फक्त हात पुसट असेल तर माणूस हलला, शटरचा वेग कमी पडला. चेहरा मऊ पण मागच्या माणसाचा सदरा धारदार असेल तर फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फोकस चुकलेल्याला ट्रायपॉड सुचवला तर तो खर्चात पडेल आणि फोटो तसाच राहील. मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक फ्रेम घेऊन जोडतो, त्यामुळे आरतीत फिरणारे हात त्यात बहुधा पुसट होतात.

एका आरतीच्या फोटोवरचा पूर्ण अभिप्राय असा लिहिता येईल. नोंद आहे ५० एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.८, शटर १/३०, आयएसओ ८००:

‘ज्योतीचा उजेड पुजाऱ्याच्या गालावर डावीकडून छान पडलाय, ती जागा सोडू नकोस. पंचारती धरलेला हात पुसट आहे, मागचे खांब मात्र स्वच्छ आहेत. म्हणजे तुझा हात स्थिर होता, शटर कमी पडलं. उद्या १/१२५ ठेव आणि आयएसओ ३२०० कर, उजेड तेवढाच मिळेल. थोडे दाणे (रवाळपणा) दिसतील, ते चालतील.’

ज्योतीचा मधला भाग पांढरा झालाय हे यात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्योत स्वतःच उजेड देते, ती थोडी जळणारच. ती वाचवायला गेलं तर चेहरा बुडेल. घाटावरचे पांढरे दिवे आणि ज्योतीचा पिवळा उजेड यांत रंग बिघडलेत, हेही पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा. नवशिक्याला एका वेळी एकच दुरुस्ती पेलते. दहा चुका वाचल्यावर तो कॅमेरा कपाटात ठेवतो, आणि ते नुकसान आपण केलेलं असतं.

शब्द निवडताना माणसावर बोलू नका, फोटोवर बोला. ‘तुला फोकस जमत नाही’ याऐवजी ‘फोकस खांद्यावर बसलाय, जवळच्या डोळ्यावर हवा होता’. आणि न विचारता कुणाचा फोटो एडिट करून परत टाकू नका.

आठवड्यानं त्याच जागेवरचा, त्याच वेळेचा नवा फोटो मागा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. शटरचा वेग वाढवूनही हात पुसट असेल तर आधीचं निदान तपासा: बहुधा फोकस मागच्या खांबांवर बसलेला सापडेल.